लोण्यातला चेहरा

आमचा फ्रीज स्वयंपाकघरात कधी मावलाच नाही. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत तो बाहेरच्या खोलीत, आरशाच्या कपाटाला लागून उभा असायचा, आणि त्या अख्ख्या भिंतीवर धड चालणारं सॉकेट एकच होतं. फ्रीज जुना, एका दाराचा. आत वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा, त्याचं झाकण सैल झालेलं, म्हणून आई त्याला रबरबँड अडकवून ठेवायची. आमच्या इमारतीवरून विमानं अगदी खाली येत उतरायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा, ते गेलं की पुढे सुरू करायचा, आणि फ्रीजवरची काचेची बरणी तेवढा वेळ किणकिणत राहायची. पाहुण्यांना याची गंमत वाटायची. आपण मध्येच थांबतो हे आम्हाला कळायचंसुद्धा नाही.

आई आधी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. केक तिच्या आयुष्यात फोनवरून आला. तिची धाकटी बहीण, शालूमावशी, खारदांड्याला दिलेली; तिने एक व्हिडिओ पाठवला. कुणी एक बाई प्लास्टिकच्या कागदावर क्रीमने चित्र काढते, ते बर्फाच्या कप्प्यात दगडासारखं गोठवते, केकवर पालथं घालते आणि वरचा कागद सोलून काढते. खाली अख्खं चित्र, एक रेघ न हललेली. आईने तो व्हिडिओ दुपारभर पुन्हा पुन्हा पाहिला आणि मावशीला फोन लावला. बहिणीशी बोलताना तिची मालवणी आपोआप सुटायची. "अगो शालू, ही तर जादूच गो!" तिकडून मावशी म्हणाली असणार, की मग कर ना तू. कारण आई लगेच म्हणाली, "करतंय तर! माका काय हात नाय?"

आणि तिला हात होता. तिचे वडील, आमचे आप्पा, मालवणला होड्या बांधणारे सुतार. लाकडावर पेन्सिलीने रेघ मारायची वेळ आली की ते श्वास रोखून धरायचे म्हणे. आईसुद्धा तसंच करायची. गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो ती खालच्या दुकानातून उलटा छापून आणायची, म्हणजे आरशात दिसेल तसा. तो सपाट काचेच्या ताटाला खालून चिकटवायचा, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं. मग बटर आणि पिठीसाखर फेटून केलेलं क्रीम निरनिराळ्या रंगांत, कागदाच्या छोट्या छोट्या कोनांत भरायचं. आधी गडद रेघा: भुवया, पापण्या, ओठांची कड. मग गालावरचा उजेड, मग कातडीचा रंग, मग केस, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागून जाडसर थर. सगळंच उलट्या क्रमाने. एरवी चित्रात जे सगळ्यात शेवटी काढतात ते इथे आधी काढायचं, आणि ते कसं दिसतंय हे कागद सोलेपर्यंत कळायचं नाही. मे महिन्यात तर क्रीम हातातच पाणी व्हायचं. आई शेजारी बर्फाच्या पाण्याचं भगुणं ठेवायची, त्यात बोटं बुडवायची, पुसायची, श्वास धरायची आणि एक रेघ ओढायची.

ती याला 'ट्रान्सफर' म्हणायची. बाबा एका गोदामात कारकून होते, त्यांना या शब्दाची फार गंमत वाटे. घरी आल्या आल्या चपला काढता काढता विचारायचे, "काय सुमे, आज कोणाची बदली?" पहिल्या वेळी आई फोटो उलटा करायला विसरली होती, त्यामुळे उजव्या हाताने बॅटिंग करणारा एक मुलगा केकवर डावखुरा झाला. बाबा म्हणाले, "बरं झालं, आता टीममध्ये जागा पक्की." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि मग एकटीच आठवून हसत सुटली. घरभर व्हॅनिलाचा वास असायचा. पोळीला, उशीच्या अभ्र्याला, माझ्या कॉलेजच्या ओढणीलासुद्धा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "मनाली आली बघ, बेकरी आली." मी हसायची. आतून मला त्या वासाची लाज वाटायची, हे आता लिहून टाकते.

कांबळेंचं घर आमच्या समोरच्या विंगमध्ये होतं. ज्योतीकाकू नर्स होत्या आणि त्यांची सासू, जिला सगळी इमारत आजी म्हणायची, ऐंशीच्या आसपासची. आसपासची म्हणायचं कारण असं, की त्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. साताऱ्याकडच्या कुठल्या तरी गावातून लग्न होऊन मुंबईत आलेल्या, आयुष्यभर इमारतींच्या कामावर घमेली वाहिलेल्या. त्यांचा वाढदिवस कधी झालाच नव्हता. नातवंडांनी मिळून एक शनिवार ठरवला आणि ज्योतीकाकू आईकडे एक फोटो घेऊन आल्या. आजींच्या तरुणपणचा तो एकच फोटो होता. कुठल्याशा जत्रेत काढलेला, कोपरे कुरतडलेला. नऊवारी, गळ्यात काळ्या मण्यांची पोत, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघणारी नजर, की काढणाऱ्यालाच जाब विचारतेय.

"जमेल का गं सुमन?" काकूंनी विचारलं. "त्यांना आता नीट दिसत पण नाही. पण मोठं असलं तर ओळखतील."

आईने फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, "डोळे जमले तर सगळं जमलं."

गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस ती त्या चेहऱ्यावर होती. पंखा बंद, कारण कागद हलायचा. मी कोन भरून देत होते. नुसत्या डोळ्यांसाठी तिने सकाळ घालवली, मग उठून कंबर सरळ केली आणि मला म्हणाली, "मने, खालून बघ." तिने ताट वर उचललं आणि मी खाली बसून काचेतून पाहिलं. चिकटवलेला कागद तिने तेवढ्यापुरता काढला होता. ती तरुण बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आई, झकास!" तेवढंच म्हटलं. अंगावर काटा आला होता ते सांगितलं नाही. त्या वयात आईला असं काही सांगायचं नसतं, असं वाटायचं.

शनिवारी सकाळी आई-बाबा खारदांड्याला निघाले. मावशीच्या नणंदेचं केळवण होतं. आईने निघताना रबरबँड तपासला आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "फ्रीजला हात लावू नको हां. मी तीनपर्यंत येते. सहाला केक द्यायचाय."

"हो गं," मी म्हटलं.

बारावीची परीक्षा संपली होती आणि त्या दिवशी आम्ही मुली एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला भेटणार होतो. मी तिच्याकडूनच केस सरळ करायचं मशीन मागून आणलं होतं. आरसा कपाटाला. सॉकेट एकच. मी फ्रीजचा प्लग काढला, मशीन लावलं आणि तासभर एकेक बट ओढत बसले. खालून एकीने हाका मारायला सुरुवात केली, "मनू, चल ना यार!" मी मशीनचा प्लग उपटला, मशीन पिशवीत कोंबलं आणि जिने उतरून पळाले. फ्रीज बंद आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. यात माझा गुन्हा काही मोठा नव्हता, एवढं मी स्वतःला अजूनही सांगू शकते. विसरणं माणसाकडून होतं. त्याच्यानंतर जे केलं ते विसरणं नव्हतं.

अडीचला परत आले तेव्हा फ्रीजखाली पाण्याचं थारोळं होतं. फ्रीजची घरघर नाही हे मला पाण्याआधी कळलं. मी कप्प्याचं झाकण उघडलं. बर्फाच्या भांड्यात नुसतं पाणी. वाटाण्यांची पिशवी मऊ पडलेली. ताटाला बोट लावलं तर पाठचा थर लोण्यासारखा दबला आणि बोटाचा ठसा राहिला. मी पटकन तो ठसा बोटानेच सारखा केला. प्लग लावला. मग फडकं घेतलं आणि सगळी फरशी पुसली, फडकं पिळून गॅलरीत न टाकता मोरीत आत, बादलीमागे वाळत घातलं. बर्फाच्या भांड्यातलं पाणी ओतून टाकलं आणि ताजं भरलं. वाटाणे पार मागे सरकवले. हे करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं इतकं नीट सुचत गेलं, की आठवलं की मला अजून माझीच भीती वाटते.

आई साडेतीनला आली. साडी बदलायच्या आधी तिने बर्फाचा कप्पा उघडला, ताटाच्या कडेला नखाने टकटक केलं. कड तोवर पुन्हा आवळली होती. मग तिला बर्फाचं भांडं दिसलं.

"बर्फ कुठे गेला?"

"सरबत केलं होतं मी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मला तेव्हा सांगता आलं असतं. अजून अडीच तास होते. ती ताट कुणाच्या तरी मोठ्या फ्रीजमध्ये ठेवू शकली असती, ज्योतीकाकूंचा फ्रीज दोन दारांचा होता, पलीकडेच. मी म्हटलं, "केळवण कसं झालं?"

पाच वाजता तिने केक टेबलावर घेतला. बाबा बघायला उभे राहिले, तिचं कागद सोलणं त्यांना नेहमीच बघायचं असे. तिने ताटावरचं प्लास्टिक उचललं, चित्र केकवर पालथं घातलं, तळव्याने हलकंसं दाबलं. श्वास धरला आणि कोपऱ्यातून कागद सोलायला लागली. कपाळ नीट आलं. केस आले. मग भुवई कागदालाच चिकटून वर आली, तिच्यामागून डोळा, आणि गालाचा अर्धा भाग ओघळून पोतीवर पसरला. आईने कागद तसाच हवेत धरला. त्यावर आजींचा एक डोळा होता.

वरून विमान गेलं. कुणीच बोललं नाही, आणि ते गेल्यावरही कुणी बोललं नाही.

"काय झालं?" शेवटी बाबांनी विचारलं.

आई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "हात हलला माझा," ती म्हणाली.

"छे, कुठे हलला? मी बघत होतो ना."

"हलला हो. मला कळलं. आप्पांचं आलं माझ्याकडे."

त्याचा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता. म्हातारपणी आप्पांचे हात इतके थरथरायचे, की चहाचा कप तोंडापर्यंत नेता नेता अर्धा सदऱ्यावर सांडे. ज्या माणसाने होड्या बांधल्या त्याला घास भरवावा लागायचा, आणि शेवटचं वर्ष तो आईनेच भरवला. तिने ती भीती कधी बोलून दाखवली नव्हती. ती तिच्या मनात तयारच होती, तिला फक्त निमित्त हवं होतं. ते मी दिलं. मी दारापाशी उभी होते, सरळ केलेले केस खांद्यावर घेऊन, आणि गप्प राहिले.

आईने चेहरा सुरीने खरवडून काढला, पांढरं क्रीम सारखं केलं, कडेने गुलाब काढले आणि मधे लिहिलं, 'आजी'. सहा वाजता आम्ही तिघंही गेलो. कांबळेंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आजींना नवी जांभळी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. नातवाने त्यांचा हात धरून केक कापवला. ज्योतीकाकूंना आईने आधीच दारात सांगितलं होतं, त्यांनी उलट आईला बळेबळे बसवून प्लेट दिली. पण आजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्या केकवर वाकल्या आणि म्हणाल्या, "माजा फोटू हाय म्हनत हुता ना? कुटं हाय?"

आई त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. "आजी, माझा हात हलला. बिघडला फोटो."

आजींनी चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. "हलंना का. कामाचा हात हाय बाई. माजा बी हलतोय, बग." आणि खरंच त्यांचा हात हलत होता. आईला रडू आवरलं नाही. सगळ्यांना वाटलं, केकसाठी रडतेय. मी कोपऱ्यात उभी राहून केक खाल्ला. दुसरा तुकडा दिला तोही खाल्ला, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात दोन ऑर्डरी आल्या. आईने कोन हातात धरला आणि या वेळी हात खरंच थरथरला. मी समोर होते. भीतीनेच थरथरत होता तो, पण तिला ते कोण सांगणार? बाबांनी जबरदस्ती केली म्हणून ती डॉक्टरकडे गेली, मी सोबत गेले. डॉक्टरांनी तिला बोटं नाकाला लावायला सांगितली, गोल काढायला लावले, आणि म्हणाले की मला काही दोष दिसत नाही. "कधीपासून होतंय?"

"त्या केकच्या दिवसापासून," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काय गं, त्या शनिवारपासूनच ना?"

मी भिंतीवरचा दातांचा तक्ता बघत होते. म्हटलं, "हो."

तिने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. नोझल, साचे, रंगांच्या बाटल्या तिने मुलुंडच्या एका बाईला देऊन टाकल्या आणि ती पोळ्या लाटायची कामं घेऊ लागली. "पोळीला काय, हात हलला तरी ती गोलच होते," असं ती हसून सांगायची. सुईत दोरा मला ओवायला लावायची. कुणाकडे गेली तर चहा अर्धाच कप मागायची. घरातला व्हॅनिलाचा वास गेला. आजी त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या. त्यांच्या नातवंडांनी ठरवलेला तो वाढदिवस त्यांचा पहिला, आणि तोच शेवटचा.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. जिन्यात ठरवलं, बाबांच्या आजारपणात ठरवलं, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावताना तर जिभेवर आलं होतं. पण जितका उशीर होत गेला तितकं ते जड होत गेलं. सुरुवातीला मला फक्त फ्रीजबद्दल सांगायचं होतं. नंतर इतके महिने गप्प राहिले त्याबद्दल, मग इतकी वर्षं. लोक म्हणतात की गोष्टी जुन्या झाल्या की निवतात. माझा अनुभव तसा नाही.

मुलगी झाली तेव्हा मी आईकडेच होते. बाबा तोवर गेले होते. आमच्याकडे बाळाला आजीनेच न्हाऊ घालायचं असतं, पण आईने पहिल्या दिवसापासून बाई लावली. बाळाला ती मांडीवरसुद्धा घ्यायची नाही. पलंगावर उशा लावून ठेवायची आणि शेजारी बसून बघायची. मला वाटायचं, थकली असेल. एके दिवशी बाई आली नाही. पाणी काढून ठेवलेलं, मोरीत पाट मांडलेला, बाळ भुकेने आणि उकाड्याने रडत होतं. माझे टाके ओले, मला खाली बसता येत नव्हतं.

"आई, घे ना तू."

"नको गं. शेजारणीला बोलावते."

"अगं, तूच घाल की. मी आहे ना इथे."

ती दाराला टेकली. दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "निसटलं माझ्या हातून तर?" ती म्हणाली. "माझा हात भरवशाचा नाही, मने. तुला माहीत आहे ना?"

मग मी सांगितलं. बाळ रडत होतं, त्या आवाजावरून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे ते क्षमा मागितल्यासारखं न वाटता भांडल्यासारखं वाटलं असेल. मशीन, प्लग, फरशीवरचं पाणी, सरबत, सगळं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच विचारलं, "फडकं कुठे लपवलं होतंस?" मी सांगितलं. त्याचं तिला काय करायचं होतं कोण जाणे.

"म्हणजे हात नव्हता हलला," ती म्हणाली.

"नाही गं आई."

"मी त्या म्हातारीला सांगितलं की माझा हात हलला. तिने माझा हात धरला होता." तिने उजवा हात पदराबाहेर काढून बघितला. "डॉक्टरसमोर पण तू हो म्हणालीस."

तिने माझ्या हातातून बाळ घेतलं. मला जवळजवळ ढकलूनच मोरीत गेली, साडी गुडघ्यापर्यंत सावरली, पाटावर बसून पाय लांब केले आणि बाळाला पायांवर पालथं घेतलं. उजव्या हाताने पाण्याची धार धरली, डाव्या हाताने मान. मी दारातून तिचा हात बघत होते. आधी थोडा थरथरला. मग ती श्वास धरून बसली, आणि तो थांबला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, शेगडी आणून ठेवायची, डिंकाचे लाडू डब्यात भरायची, पण शब्द नाही. बाईला तिने काढून टाकलं. रोज स्वतः न्हाऊ घालायची आणि बोलायची ती फक्त बाळाशी. तिने पुन्हा कोन हातात धरला नाही. पुढे मी एकदा नवी नोझल आणून दिली, तीही तिने शेजारच्या मुलीला दिली. मला माफ केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येण्यासारखं नाही.

पण त्या दिवसांतली एक सकाळ मला आठवते. सात-आठ दिवस झाले असतील. मी नेहमीसारखी मोरीच्या दारात तांब्या घेऊन उभी होते. बाळ तिच्या पायांवर हातपाय झाडत होतं. आईने कोपराने पाण्याचा अंदाज घेतला आणि बाळाला म्हणाली, "तुझ्या आईला सांग हो, पाणी कढत आहे म्हणून."

मी गार पाणी ओतलं.

"अजून थोडं म्हणावं."

मी अजून ओतलं. तिने हात घालून पाहिला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुरे. आता हिचं डोकं धर," आणि बाळाला तोललं. मी टाके सांभाळत भिंतीला धरून हळूहळू खाली वाकले आणि डोकं धरलं.